पाटलाचं हसू

माझं माहेर वडश्याकडचं. धानाच्या बांधीत वाढली, सातवी शिकली, मंग लग्न करून इथी आली, जंगलाच्या काठाले. घर जयभीमवाल्यांचं, थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफूल आन् तेंदूपत्ता. नवरा आहे, चांगला आहे, त्याचं सांगासारखं काही नाई. पोरगी एक, प्रणाली, नर्सिंग शिकली. लोक मले सुमनबाई म्हणतात. आता तुम्ही त्या फिल्मचं इचारता, तर काय सांगू तुमाले, मलेच अजून समजलं नाई. समजलं तेवढं सांगते.

पहिले नाटकाचं सांगते, त्याच्याबिगर हे ध्यानात येणार नाई. वडश्याची नाटकं हिवाळ्यात गावोगाव जातात, लहानपणी आम्ही धानाचं तणस अंथरून पाहात होतो. नाटकात खलनायक बोलला का पायजे तर त्याच्याकडं पाहाचं, पायजे तर कोपऱ्यातल्या हिरोईनीकडं, नाईतर पेटीवाल्याकडं. सारे एकाच टायमाले समोर असतात. फिल्ममदी तसं नाई. तिथी आपली मान दुसराच कोणी फिरवते. पण हे मले मांगून समजलं.

आता एक शब्द आहे. जंगलात शिरलं का आम्ही वाघाचं नाव घेत नाई. नाव घेतलं का तो येते, असं म्हाताऱ्या बाया सांगत. मी काही मानत नाई, पण घेत बी नाई. आमच्या घोळक्यात त्याले पाटील म्हणतात. गावात पोलीस पाटील आहेत, मारोतीभाऊ, त्याईले बी हे माहीत आहे, तेच म्हणतात, काय वं बायांनो, आज माझा भाऊबंद दिसला का. मोहाच्या दिवसात तो दूर पळावा म्हणून तेच डबा वाजवत आमच्या पुढं चालतात.

तर नागपूरचे फिल्मवाले आले. मोहफूल वेचणाऱ्या बायांवर फिल्म करून राह्यलो म्हणे. भले लोक होते. मोहाखाली मले बसवलं आन् इचारलं, बाई, भीती कशाची वाटते. आम्ही तर जंगलातच होतो, म्हणून मी म्हटलं, पाटलाची. झाडामांगं बसून पाहात राह्यते, एकटी बाई दिसली का काही खरं नाई. बाकीच्या बायांनी माना हलवल्या. कोणता पाटील ते सांगाचं कोणाले सुचलंच नाई. जंगलात बसून आणखी कोणता असन.

पावसाळा सरल्यावर शाळेच्या पटांगणात पडदा लावला. सारं गाव जमलं. मारोतीभाऊ पुढं खुर्चीवर, बाजूले त्याईची बहीण शांताबाई, ब्रह्मपुरीहून आलेली. तिच्या पोराशी आमच्या प्रणालीची सोयरीक जमली होती, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तेवढं राह्यलं होतं. पडद्यावर मी आली, म्हटलं, पाटलाची भीती वाटते, झाडामांगं बसून पाहात राह्यते. आन् लगेच पडद्यावर मारोतीभाऊ आले. आपल्या ओट्यावर बसलेले, बाजूले कुठी तरी पाहून हळूच हसून राह्यले. मंग एक पोट्टी, टोपली घेऊन पायवाटेनं चाललेली, पाठमोरी. बस, एवढंच.

साऱ्यांच्या माना खुर्चीवरच्या मारोतीभाऊकडं फिरल्या. आता पाहा, यातलं खोटं काय? बोललेलं माझंच. पोट्टी आमच्याच घोळक्यातली, तिच्यासोबत आम्ही सातआठ जणी होतो, पडद्यावर ती एकटी झाली. हसू बी खरं. त्या दिवशी मारोतीभाऊच्या नातवानं क्यामेरावाल्याची टोपी पळवली होती, मी तिथीच उभी होती. एवढं सारं माहीत असून, काय सांगू तुमाले, मले बी त्या घडीले मारोतीभाऊचा राग आला. वाटलं, पाहा मेला कसा पाहाते. मंग ध्यानात आलं का अवो, हे तर मी वाघाचं बोलली होती. पण राग पहिले आला. तो काऊन आला हे मले अजून समजलं नाई.

शांताबाई उठून गेली. सकाळी तिचा फोन, ज्या बाईनं माझ्या भावाले साऱ्या गावापुढं असं म्हटलं तिच्या घरची पोरगी मी कशी करू. मी सांगितलं, अवो, वाघाचं होतं ते. ती म्हणे, मंग वाघ काऊन नाई दाखवला? आन् फोन ठेवला. प्रणाली म्हणे, आई, तू तोंड उघडाचंच नव्हतं. मारोतीभाऊनं ओट्यावर बसणं सोडलं. एक दिवस आमच्या दारात आले, बसले नाईत, उभ्यानंच इचारलं, सुमनबाई, मी खरंच तसा हसतो का? मी नाई म्हटलं. पण थोडी थांबून म्हटलं, आन् ते त्याईच्या ध्यानात आलं.

रडत बसून काय होते. मी चंद्रपूरची बस धरली. फिल्म जोडणारी बाई तिथीच राहात होती, तिच्या घरी जाऊन बसली. झालं ते सारं सांगितलं. म्हणे, बाई, माझ्याकडं तुकडे आले, एकावर पोलीस पाटील असं नाव टाकलेलं, तुम्ही पाटील म्हटलं, मी तोच लावला. मंग तिनं मले कॉम्प्युटरवर दाखवलं. तेच हसू, त्याच्याआधी नातू लावला, तर आजोबा दिसला. आधी मोहफुलाची रास लावली, तर लोभी व्यापारी. आधी मी लावली, तर तोच मेला, बायांकडं पाहाणारा. हसू जसंच्या तसं. मी म्हटलं, मंग यातलं खरं कोणतं? ती म्हणे, हसू खरं, बाकीचं पाहाणाऱ्याच्या डोक्यात जुडते. मी म्हटलं, पण जोडलं तर तुम्ही. ती म्हणे, हो.

वाघ काही तिच्याजवळ नव्हता, चिखलात उठलेला पंजा होता. माझ्या बोलण्यामांगं तो लावला, मंग डबा वाजवत चाललेले मारोतीभाऊ, त्याईच्या मांगं आम्ही साऱ्या, मंग ते हसू. फिल्म दुसऱ्यांदा दाखवली. लोक म्हणे, पाहा कसा देवमाणूस. शांताबाईनं पदरानं डोळे पुसले. आन् मी बसून इचार करून राह्यली का हे बी तर खरं नाई, हसू टोपीचं होतं. पण बोलली नाई. पोरीचं साक्षगंध अडलं होतं.

मागच्या महिन्यात झालं. पोरगी खुशीत आहे, तिचं भलं होवो, दोघंही सुखात राहोत, मले आणखी काही नाई पायजे. बुद्धवंदना चालू असताना मारोतीभाऊ समोर बसले होते आन् मधातच हळूच हसले. लोकांले वाटलं, मामा खुश आहे. असतीलही. मी मात्र मान वळवून पाह्यलं, ते कोणाकडं पाहून राह्यले. तिकडं नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या. काऊन हसले ते त्याईले इचाराचं होतं, पण तेवढ्यात पंगत बसली, आन् वाढाले माणसं कमी होती.