घड्याळाचा पट्टा

जुळे सोलापूरच्या दुकानात मी घड्याळाचा सेल बदलून घ्यायला थांबलो होतो. शेजारी चिंचोळीच्या कारखान्यातला एक फिटर आणि त्याची बायको घड्याळ निवडत होते.

“हे स्टीलचं घ्या की. ग्रीस लागलं तरी पुसून निघंल.”

“मशीनवर घड्याळ काढूनच ठेवायचं असतंय, सिद्धेश्वरी. मला रबरी पट्ट्याचं बघू दे.”

“पहिल्यांदाच चांगलं घड्याळ घेताय, आन् पट्टा रबरी?”

“स्टीलच्या कड्या लई बोचतात.”

“तुमच्या ह्या राकट हाताला?”

“माझ्या न्हाय. पुढल्या महिन्यात लेकरू येणार. उचलून घेतलं की त्याचं डोकं हितंच मनगटावर टेकंल.”

तिने स्टीलचं घड्याळ बाजूला सरकवलं. मग दुकानदाराला म्हणाली,

“दादा, रबरीच द्या. त्यातला मऊ कुठला हाय, हात लावून बघू द्या.”