चाकामागचा दगड

शहाद्याच्या दवाखान्यात मी जप करत बसले होते. शेजारी सासू-सून बोलत होत्या. आत सुनेच्या नवऱ्याच्या पायाचं ऑपरेशन चाललं होतं.

"आत्या, टायर बदलताना जॅक घसरला कसा?"

"उतार व्हता, रोहिणी. नवनीतनी चाकमांगे दगड लावा व्हता."

"मग?"

"त्या दगडले शेंदूर लागेल व्हता. मी सांगं, बेटा, देवले चाकखाले नको ठेवू, परत जागावर ठेव. त्यानी ठेवा."

"मग दुसरा लावायचा होता."

"तो शोधाले निंघना व्हता. मीच म्हनं, ऱ्हाऊ दे, आते देव शे ना पाठीशी."

सुनेनं पदर डोळ्यांना लावला.

"रडू नको, माय."

"ते शुद्धीवर आले की तुम्ही आधी आत जा."

"नको. तूच जाय. मले पाहीसन तो लगेच म्हनी, आई, तुन्ही काही चूक नही."