मशीनचा अंगठा

रेशनच्या रांगेत मी पुस्तक उघडून उभा होतो, पण वाचन होत नव्हतं. माझ्यापुढे विड्या वळणाऱ्या नरसम्मा होत्या आणि त्यांचं दुकानदार सिद्रामप्पांशी बोलणं चाललं होतं.

"आप्पा, अंगठा लावू?"

"नको अक्का. आज मशीनच चालंना. वरचं ऑफिस म्हणतंय, हे तुमचं मशीन न्हाय."

"तेच की हो हे! कोपरा फुटलेलं."

"बाहेरून तेच. बाजारात दुरुस्तीला दिलं, तर दुरुस्तीवाल्यानं आतली चिपच बदलली. प्रत्येक चिप घडताना आपोआप जराशी वेगळी होते म्हणं. कारखान्यालापण तसली दुसरी करता येत न्हाय. त्यावरनंच वरचे ओळखतात. मशीनचा अंगठाच समजा."

"म्हंजे आता मशीनचा अंगठा जुळंना."

"व्हय."

"मग त्याला हात धुऊन यायला सांगा की. माझा जुळंना तर मला दोन म्हैने तेच सांगताय."

रांगेत कुणीतरी हसलं.

"चेष्टा नका करू. सोमवारी साहेब येऊन नवी चिप नोंदवणार हायत."

"ह्याच्यासाठी साहेब येतोय?"

"यावंच लागतंय. ह्याच्याबिगर दुकान चालंल का?"

"आन् माझी बोटं पानं कातरून, विड्या वळून गुळगुळीत झाली, त्याला कोण येतंय? घरात तांदूळ न्हाय, आप्पा."

"माझ्या हातात काय हाय, अक्का? तुमी सोमवारी या."

"येते."

"आन् येताना हात जरा चांगले घासून धुवा."