भाववाढीच्या बडग्याचे पोट

दि. २१ ऑगस्ट १९७१, दुपारी साडेतीन.

माझे नाव मनोहर वल्द बापूजी डोर्लीकर, वय ४९ वर्षे, धंदा वृत्तपत्राचा वार्ताहर, शिक्षण संस्कृत पाठशाळेत, राहणार प्रताप नगर, नागपूर. विचारल्यावरून ठाण्यात समक्ष सांगतो की,

माझे मित्र गिरिधर मेश्राम हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात व इतवारीत यमुताई पराते यांच्या आवारात भाड्याने राहतात. यमुताई सूत रंगवतात. रंगाचे पाणी झिरपून त्यांची विहीर जांभळी झाली आहे. सोमवारी महानगरपालिकेचे साहेब लोक येऊन विहिरीवर फरशी टाकणार आहेत. त्यांच्यासमोर पाणी निवळून दाखवले तरच फरशी टळेल. विहीर गेली की यमुताईंचा धंदा गेला.

त्यासाठी गिरिधर यांनी करवंट्यांचा कोळसा कुटून दोन महिने, थोडाथोडा, नायट्रिक ॲसिडात उकळला. साधा कोळसा रंग थोडा धरतो, असा उकळलेला पुष्कळ धरतो, असे त्यांचे म्हणणे. याला मी संस्कार म्हणतो, ते ऑक्सिडेशन म्हणतात. मुंज झालेला कोळसा, असे मी एकदा म्हणालो. त्या दिवशी चहा मिळाला नाही. उकळताना तपकिरी धूर निघे, तेव्हा सर आज पुन्हा मिरच्या जाळून राहिले काय, असे यमुताई विचारीत.

ॲसिड पुरते जाईपर्यंत धुतलेली ती भुकटी गिरिधर यांनी कापडी पोत्यात भरून आज सकाळी सात वाजता दारात निथळत ठेवली. मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, सकाळी दारात ठेवलेली वस्तू पीडा समजून जाळायला न्यावी, असा त्या गल्लीचा रिवाज आहे. तो गिरिधर यांना माहीत आहे. ते विसरले. शास्त्रज्ञांबद्दल मी याहून अधिक सांगू इच्छित नाही.

गल्लीच्या मारबत मंडळाचे धोंडबा निनावे यांनी यंदा भाववाढीचा बडग्या केला होता. मिरवून मग जाळायच्या त्या पुतळ्याला पोट तेवढे कमी होते. दारातून उचललेले पोते त्या जागी चपखल बसले.

अकरा वाजता गिरिधर व मी धावत मिरवणूक गाठली. गिरिधर बडग्याच्या बैलबंडीवर चढले व त्यांनी बडग्याला मिठी मारली. बँड वाजतच होता. ही नवी रीत असावी असे समजून आणखी सातआठ जणांनी मिठ्या मारल्या. मिरवणूक माझ्या घड्याळाप्रमाणे बारा मिनिटे अडली. माझे घड्याळ मागे पडते. धोंडबांनी विचारले, "बडग्याले काहून कवटाळून राहिले सर? सोयरा हाय काय तुमचा?" गिरिधर म्हणाले, "त्याच्या पोटात माहे दोन महिने हायेत गा."

त्यानंतर पोलिसांनी गिरिधर, धोंडबा व बडग्या यांना ठाण्यात आणले. मागोमाग यमुताई आल्या. दिवस मावळायच्या आत बडग्या जळाला नाही तर पीडा गल्लीत परत येईल, असे धोंडबांचे म्हणणे. हा साधा कोळसा नव्हे याला पुरावा काय, असे ठाण्याच्या साहेबांनी विचारले. यमुताई भिंतीकडे पाहत होत्या.

दोन चाळीसला पावसाची सर आली. बडग्या आवारात कडुलिंबाला बांधलेला होता. त्याच्या फेट्याच्या जांभळ्या कागदाचा रंग सुटून अंगावरून उतरला. पेंढ्याच्या उजव्या हातातून जांभळे पाणी गळू लागले. पोटाखालून आधी काळे, मग करडे, मग कसलाच रंग नसलेले. हवालदार महादेवराव यांनी कोणी न सांगता दोन्हीकडे एकेक ग्लास धरला. नंतर सर्व जण एकदम बोलले, ते नोंदवण्यासारखे नाही. साहेब छत्रीशिवाय बाहेर उभे होते. गिरिधर नाचले, हे मी पाहिले. ते नाकारतील.

धोंडबा म्हणाले, "सर, पोट घ्या जी काढून. भाववाढ सुकडीच जाळतो आमी, लोकायले तेच तं पाहिजे."

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. महादेवरावांनी हा मजकूर मोठ्याने वाचला, मी ऐकला, सांगितला तसाच उतरला आहे. मुद्देमाल ग्लास दोन. जांभळा टेबलावर आहे. बिनरंगी यमुताईंच्या हातात असून, तीनदा मागितला तरी त्या देत नाहीत.