लेन्सवरचा जांभळा डाग

बिश्केकच्या बाजारात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या असनकुलच्या खिडकीपुढे आज कधी नव्हे ती रांग लागली होती. आजोबांची लेन्स रुमालात गुंडाळून जिल्दिझ दुसरी उभी होती. पुढच्या माणसाचं सगळं तिच्या कानावर पडत होतं.

"ही लेन्स कशानं पुसलीस?" असनकुलनं विचारलं.

"वोडकानं, दादा."

"म्हणजे काचेला थेंबभर आणि बाकीची तुला. फडकं कुठलं?"

"हाच शर्ट."

"वा! आधी रबरी फुग्यानं हवा मारून धूळ उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा, एवढंही कळत नाही?"

"धूळ नव्हतीच. जांभळा डाग होता. जाता जाईना, म्हणून दंतमंजन लावून घासला. बघा, कशी लख्ख झालीय!"

"अरे शहाण्या, तो डाग नव्हता, काचेवरचा लेप होता! साठ वर्षं टिकला आणि तू एका दुपारीत खरवडून काढलास. आता हिच्याखाली कागद दाबून ठेव."

"पण मोबाइलवर तसंच दाखवलंय. परवापासून अख्ख्या शहरानं बघितलंय."

"तरीच ही रांग! चला, पुढचं कोण?"

जिल्दिझनं रुमालाची गाठ घट्ट केली आणि मागच्या बाईंना वाट करून दिली.

"तुम्ही व्हा ना पुढे."

"छे, छे. मला कुठे घाई आहे?"