दुबई, जायला दीड तास

जोतीराम : ...जगात आता लांब असं काय ऱ्हायलंच न्हाय, शालन. विज्ञानानं अंतर संपवलं.

शालन : शाहूवाडीचं तेवढं ठेवलंय व्हय? माझा भाऊ तीन वर्षं वाट बघतोय तुमची.

जोतीराम : शाहूवाडीला विमान जात न्हाय. दुबईला जातंय. हे बघ मोबाइलवर. मुंबईतनं सुटणार दहाला, दुबईत पोचणार साडेअकराला. दीड तास. आता तरी म्हण, जाऊ दे पोरगीला. तिथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी हाय, आज कळवायचं हाय त्यास्नी.

शालन : दीड तास तर वन्संच्याकडं कबनूरला जायला लागतोय.

जोतीराम : अगं, कोल्हापूर स्टँडवर गाड्यांच्या वेळा पुकारण्यात जन्म गेला माझा. सुटायची वेळ, पोचायची वेळ, वजा करायचं. ह्यात चूक हुईतच न्हाय.

क्रांती : बाबा, जरा ऐका तरी.

जोतीराम : तू थांब. तुझंच काम करतोय.

शालन : येतानाची बघा.

जोतीराम : येताना... सुटणार दहाला. पोचणार... अडीचला.

शालन : म्हंजे किती?

जोतीराम : साडेचार तास.

शालन : पोरगी न्यायला घाई, आन परत आणायला सवड.

जोतीराम : जाताना उतार लागत असंल.

शालन : आभाळात?

जोतीराम : वाऱ्याचा म्हणतोय मी.

(क्रांती बापाच्या हातातून मोबाइल काढून घेते.)

क्रांती : उतार न्हाय आणि वारं न्हाय. दोन्हीकडनं तीनच तास. दोन हजार किलोमीटरला जरा कमी. पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची असती, बाबा. ते आपल्या दीड तास मागं हाय.

शालन : मागं का? चावी देत न्हाईत?

क्रांती : सूर्य तिथं उशिरा उगवतो, आई.

शालन : कबनूरच्या वन्सं पण उशिरा उठत्यात. घड्याळ न्हाईत मागं करत.

जोतीराम : माझ्या बहिणीला मधी आणू नको.

शालन : म्हंजे मी हितं आठला जेवाय बसले, तर हिचं साडेसहाच वाजल्यालं असणार.

क्रांती : व्हय.

शालन : मग जेवलीस का म्हणून इचारायचं कधी?

क्रांती : झोपायच्या आधी विचार.

शालन : आन मुंबईपातूर?

क्रांती : रातभर बस. मग विमानतळावर तीन तास आधी जाऊन बसायचं.

जोतीराम : तीन तासाच्या गाडीला तीन तास आधी? मी असं पुकारलं असतं तर लोकांनी मला खांबाला बांधला असता.

शालन : तुम्ही गप बसा. मला देताना आमच्या आईनं एकच बघितलं हुतं. घरनं भाकरी बांधून निघालं, तर ती वाळायच्या आत लेकीच्या दारात पोचलं पाहिजे. क्रांते, हितनं सांजचं निघालं तर?

क्रांती : दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं.

शालन : कडक हुईल. पर दह्यात कुस्करून खाता यील.

जोतीराम : म्हंजे व्हय की न्हाय?

शालन : कळव त्यास्नी. पर नागपंचमीला दरसाल यायचं हितं. तीन तासाचं तर हाय.

क्रांती : आई, रजा दोन वर्षांतनं एकदाच मिळती.