उन्हं कलल्यावर

नकुशी : हळू सर, तिथं पाय नका ठिवू! हीच ती रानकांद्याची काडी. कळ्या बघा, गच्च मिटल्यात.

सर : कालही मिटलेल्याच होत्या. परवाही! नकुशीबाई, पुण्याहून पहाटेच्या एसटीनं तीन खेपा झाल्या माझ्या.

नकुशी : आन् काल-परवा दोन्ही डाव दुपारच्या गाडीनं माघारी पळाला. फूल उन्हं कलल्यावर उमलतं, चारच्या पुढं. ह्याच माळावर शेळ्या राखत जलम गेला माजा. सांगत हुते, तर तुमचं ध्यान समदं घड्याळात.

(उताराखालून शिट्टी वाजते.)

मेहमूद : ए नकुशे, खाली ये! सुरुंग भरल्यात. चारला वात लावायची हाय. हे पाव्हणं कोण?

नकुशी : कालिजातलं मास्तर हायेत, मेहमूदमामा. रानकांद्याचं फूल बघाया आल्यात.

मेहमूद : कांद्याचं फूल? हितं मानसं घोटभर पान्याला म्हाग झाली, दुष्काळी कामावर दगड फोडत्यात, आन् ह्यास्नी फुलं सुचत्यात!

सर : मेहमूदभाई, हा कांदा शिरूरकडं उगवतच नाही असं पुस्तकात लिहिलंय. मी उगवतो म्हणालो, तर सगळे हसले. उमललेलं फूल दाखवल्याशिवाय कुणी मानणार नाही. आणि तुमच्या सुरुंगानंतर हा उतारच उरणार नाही.

नकुशी : हितं फूल उमलतं म्हनलं की कामावरच्या बाया मलाबी हसत्यात, मामा. नकुशीला ऊन लागलं म्हंत्यात. जरा दम धरा की.

मेहमूद : भरलेला सुरुंग रातभर ठिवता येत न्हाई, बाई. धा मिन्टं. वर एक बी न्हाई.

सर : चार वाजून सहा मिनिटं झाली...

नकुशी : गप ऱ्हावा! खालची कळी बघा. हलली!

सर : वारा असेल. नाही... अहो, उघडतेय! नकुशीबाई, उघडतेय! पांढरीशुभ्र, आत हिरवी रेघ! ही दुसरी! मेहमूदभाई, वर या, लवकर या!

मेहमूद : आलो, आलो. कुठं?... एवढुसं? आन् ह्या खडकातनं?

नकुशी : आता म्हणा की, ऊन लागलं!

सर : जिंकलो आपण! एक रोप कांद्यासकट काढतो. मला तेवढं पुरे. चला, उतरू या.

नकुशी : तुमास्नी एक पुरं. बाकीची जातील की धुरळ्यात. घमेलं हाय माज्याकडं. घरामागं खडकाळ हाय, तिथं लावीन.

मेहमूद : किती हायेत?

नकुशी : धा-बारा.

मेहमूद : वात काय माज्याबिगर पेटत न्हाई. दे ती पहार इकडं. तू घाई करशील, कांदा चिरंल. हळू काढाया पायजे.